सव्वा लाखाचे ऋण

कोणत्याही पूजेच्या आरंभी पुरोहित यजमानाच्या हातावर पळीभर पाणी घालतो आणि त्याच्याकडून संकल्प म्हणवून घेतो. शक, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, आपण कोणत्या नदीच्या कोणत्या तीरी आहो ते, गोत्र आणि नाव हे सारे क्रमाने उच्चारून झाले की पूजा कशासाठी करावयाची ते सांगावयाचे, आणि शेवटी 'करिष्ये' म्हणून ते पाणी ताम्हनात सोडावयाचे. हा विधी आम्ही मुंज झाल्यापासून करीत आलो. परंतु त्याची मांडणी किती सावधपणे केलेली आहे हे आमच्या ध्यानी आले ते वकिलीच्या धंद्यात पडल्यावर. पक्क्या दस्तऐवजाला जे जे लागते ते सर्व संकल्पात आहे. कोणी, कोठे, केव्हा, कशासाठी आणि काय, अशी पाचही उत्तरे त्यात मिळतात. त्यांतील 'कशासाठी' गाळले तर पुरोहित पुढे सरकत नाही.

मध्यंतरी नौबादच्या एका देवळाच्या सभामंडपात विद्यार्थ्यांचा एक समारंभ झाला. प्रत्येकाने आपले आयुष्यातील ध्येय एका चिठ्ठीवर लिहून द्यावे आणि आम्ही त्या चिठ्ठ्या वाचून दोन शब्द बोलावे, अशी योजना होती. चिठ्ठ्या पुष्कळ आल्या. कोणास डॉक्टर व्हावयाचे होते, कोणास कलेक्टर, कोणास परदेशी जावयाचे होते. 'काय' हे सर्वांनी ठसठशीत लिहिले होते. 'कशासाठी' हे मात्र फारच थोड्यांनी, आणि ज्यांनी लिहिले त्यांनीही 'नाव मिळावे म्हणून' एवढेच. एक चिठ्ठी निराळी निघाली. तीत इतकेच होते: 'माझी फी गुरुजींनी भरली, म्हणून मी शिक्षक होणार.'

त्या चिठ्ठीने आम्हांस एकाएकी दासोपंतांची आठवण झाली. नौबादपासून बीदरचा किल्ला तो किती दूर! त्या बीदरात एक मुलगा दुसऱ्याच्या देण्यापायी ओलीस राहिला, कोणा तिऱ्हाइताने पैसे भरून त्यास सोडविले, आणि त्या उपकाराच्या पोटी मराठीतील सर्वांत प्रचंड गीताटीका जन्मास आली, असे परंपरा सांगते. माणूस ध्येय का ठरवितो आणि त्या कारणाचा त्याच्या कृतीच्या घडणीवर काय परिणाम होतो, हे तपासावयाचे तर यापरते चांगले उदाहरण आमच्या प्रांतात तरी दुसरे नाही. दासोपंतांवरील लेखनात भक्तीचा गहिवर पुष्कळ आढळतो आणि वाङ्मयेतिहासांत ओव्यांची मोजदादही आढळते. परंतु त्या संख्येमागील हेतू आणि त्या हेतूने ग्रंथाचे केलेले बरेवाईट, या दोहोंचा संबंध लावून पाहिल्याचे आमच्या वाचनात फारसे आले नाही. तेवढेच काम येथे करावयाचे आहे.

प्रथम कथा. शके १४७३ मध्ये (इ. स. १५५१) बीदर अमलातील नारायणपेठेस देशपांडे घराण्यात दासोपंत जन्मले. वडील दिगंबरपंत हे वसुलाचे अधिकारी. दुष्काळ पडला, सरकारी भरणा झाला नाही. कोणी म्हणतात, पंतांनी कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली. बीदरच्या बादशहाने रकमेची हमी म्हणून त्यांच्या मुलास ठेवून घेतले आणि महिन्याची मुदत घातली. मुदतीत पैसे न आल्यास मुलाचे धर्मांतर व्हावयाचे होते. मुलाने दत्तात्रेयाचा धावा मांडला. मुदत संपण्याच्या दिवशी दत्ताजी पाडेवार या नावाचा कोणी एक मनुष्य दरबारात हजर झाला, सर्व रक्कम मोजून दिली, पावती घेतली आणि निघून गेला. मुलगा घरी आला. पाडेवाराचा शोध केला तर तो कोठेच सापडेना. तेव्हा तो दत्तच होता हे घरच्यांनी ओळखले.

वकिलाच्या नजरेने पाहिले तर या कथेत पुराव्याच्या बाजूने त्रुटी आहेत. बहामनी सत्ता तोवर लयास गेलेली होती; दासोपंतांच्या बालपणी बीदरच्या तख्तावर बरीदशाही घराण्यातील अली बरीद होता आणि १५४२ ते १५८० ही त्याची कारकीर्द. किल्ल्यातील रंगीन महालाचे शिंपल्यांचे जडावकाम आणि शहराच्या पश्चिमेकडील त्याची कबर आजही त्याची साक्ष देतात. कथेत बादशहाचे नाव नाही, रकमेला आकडा नाही. शिवाय बीदरच्याच दरबारात विठू महार होऊन आलेल्या विठ्ठलाने मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचे देणे फेडल्याची कथा महाराष्ट्रास पाठ आहे. तेथेही दुष्काळ, कोठार, बादशहा आणि पावती आहेच. एकाच साच्यातून दोन कथा निघाल्या असतील, अशी शंका घेण्यास भरपूर जागा आहे.

तथापि हेतू सिद्ध करावयाचा असतो तेव्हा पुराव्याचे माप थोडे बदलते. पाडेवार दरबारात खरोखर आला की नाही हा एक प्रश्न. दासोपंत आपणांस ऋणी समजत होते की नाही हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या आयुष्याने दिलेले आहे. सुटून आलेल्या मुलास वतन होते, घरदार होते, देशपांडेपण वाट पाहत होते. त्याने ते सोडले. माहूरला गेला, गोदातीरी राक्षसभुवनास बारा वर्षे तप केले, अखेरीस आंबेजोगाईस स्थिरावला आणि शके १५३७ च्या माघ वद्य षष्ठीस देह ठेवीपर्यंत लिहीत राहिला. ज्याने आपणांस सोडविले त्याच्या शोधास निघालेला आणि तो सापडल्यावर त्याची फेड करीत बसलेला माणूस, असेच हे चरित्र आहे. 'दिगंबर' ही त्यांची नाममुद्रा. ते वडिलांचेही नाव आणि दत्ताचेही. ज्याचे देणे होते आणि ज्याने ते फेडले, ते दोघेही त्या एका नावात एकत्र आले आहेत.

येथे आमच्या धंद्यातील एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. इंग्रजांच्या देशी असा नियम आहे की जे काम आधीच होऊन गेले ते मागाहून दिलेल्या वचनाचा मोबदला ठरू शकत नाही. परंतु १८७२ चा आपला करार कायदा निराळे बोलतो. त्याच्या २५ व्या कलमात असे आहे की, एखाद्याने आपणहून, न मागता, माझ्यासाठी काही केले असेल आणि मी मागाहून त्याची भरपाई करण्याचे वचन दिले, तर ते वचन मोबदल्यावाचूनही बंधनकारक होते. पाडेवाराने काही मागितले नव्हते, कोणतीही अट घातली नव्हती. दासोपंतांचा संकल्प या कलमात तंतोतंत बसतो. आपले लोक देवऋण, ऋषिऋण, पितृऋण मानतात तेही याच जातीचे. जन्मापूर्वीच जे मिळाले त्याची फेड जन्मभर करावयाची. कायद्याने ही गोष्ट मानली हे आम्हांस फार मोलाचे वाटते.

मिळविण्यासाठी ठेवलेले ध्येय आणि फेडण्यासाठी ठेवलेले ध्येय यांत मोठे अंतर आहे. पहिले ध्येय पुढून ओढते. ते जवळ आले की ओढ कमी होते, आणि हाती लागत नाही असे दिसले की माणूस खचतो. दुसरे मागून ढकलते. आणि मागे जे घडून गेले ते कोणास बदलता येत नसल्यामुळे त्याचा जोर ओसरत नाही. दासोपंतांच्या सातत्याचे मर्म यात आहे. त्यांस लिहिण्यासाठी रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. तेलुगू मुलखात पैशालाच 'डब्बू' म्हणतात. या सीमेवरच्या माणसास ती आख्यायिका अगदी घरची वाटते. तीत कौतुक प्रतिभेचे केलेले नाही, रोजच्या खर्चाचे केले आहे. हप्ते ठरवून कर्ज फेडणाऱ्याचा हिशेब असा असतो.

गीतार्णवाच्या ओव्या सव्वा लाख सांगतात. हा आकडा कोठून आला? गीतेचे श्लोक सातशे. ज्ञानेश्वरांनी त्यांवर सुमारे नऊ हजार ओव्या लिहिल्या, म्हणजे श्लोकास तेरा. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधातील १३६७ श्लोकांवर अठरा हजार आठशेच्या वर ओव्या लिहिल्या, म्हणजे श्लोकास चौदा. दोघांत तीनशे वर्षांचे अंतर, पण माप जवळजवळ एकच. कारण ते माप मूळ श्लोकाच्या अर्थाने ठरविलेले आहे. सव्वा लाखास सातशेने भागले तर श्लोकास पावणेदोनशेहून अधिक ओव्या येतात. हे माप अर्थातून निघालेले नाही. ते अनुष्ठानातून आले आहे. सव्वा लाख जप, सव्वा लाख बेल, दक्षिणेस सव्वा रुपया; देवास द्यावयाचे ते पुऱ्यावर पाव अधिक, हिशेब बंद झाला असे वाटू नये म्हणून. गीतार्णवाची संख्या कवीने ठरविलेली नसून व्रतस्थाने ठरविलेली आहे, हे एकदा ध्यानात घेतले की त्या ग्रंथाविषयीचे पुष्कळ कोडे उलगडते.

याच संदर्भात आणखी एक हिशेब. लेखनाचा काळ चाळीस वर्षांचा धरला तर सव्वा लाख ओव्यांस रोजच्या आठ-नऊ पडतात. मग ही संख्या अचाट राहत नाही. आठ ओव्या कोणीही भाविक शास्त्री एका बैठकीस लिहील. पण त्या चाळीस वर्षांत एकही दिवस न चुकविणे, ही गोष्ट मात्र अचाट आहे.

आता गुणदोषांचा विचार. गीतार्णवावर पाल्हाळाचा आक्षेप येतो आणि तो आम्हांस मान्य आहे. भक्तांनी राग मानू नये. या ग्रंथात दर्शनांची चर्चा आहे, संवाद आहेत, कथा आहेत, भाषेचा ओघ कधी आटत नाही. सोळाव्या शतकातील मराठीचा शब्दसंग्रह पाहू इच्छिणाऱ्यास तर ती खाणच. परंतु ज्ञानेश्वरीत एखादा दृष्टांत येतो आणि अर्थ उजळून निघून जातो. गीतार्णवात अर्थ केव्हाच कळलेला असतो आणि विवरण चालूच असते. वाचकास थांबण्याची जागा सापडत नाही. याचे कारण प्रतिभेचे दारिद्र्य नव्हे. दासोपंतांची गणना एकनाथांबरोबर ज्या पंचकात होते त्यात ती उगीच होत नाही. कारण आहे ते हेतूतच. उपकार अमोल मानला की फेड कधी पुरी होत नाही. आणि फेड पुरी होत नसेल तर ग्रंथ संपवावा तरी कोठे? येथे कवीच्या लेखणीस वाचकाने थांबविले असते, पण ही लेखणी वाचकाकडे पाहतच नव्हती. ती सावकाराकडे पाहत होती, आणि सावकार तर काही मागत नव्हता.

तुलनेसाठी दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तेही ऋणच, ज्ञानदेवांचे ऋण. परंतु त्या कामाची सीमा मूळ ग्रंथाने घालून दिलेली होती. एक ओवीही अधिक घालावयाची नव्हती. आणि कोंकणीभाषी वाचकांस ज्याचा अभिमान वाटावा तो केळशीचा कृष्णदास शामा. त्याने शके १४४८ मध्ये (इ. स. १५२६) भागवताच्या दशम स्कंधावर श्रीकृष्णचरित्रकथा रचली, ती एकोणीस अध्यायांत आणि तीन हजारांवर ओव्यांत पुरी केली. देवाची सेवा म्हणूनच त्यानेही लिहिले. पण कथेस आदी होता आणि अंत होता. कोंकणीत जिला आंगवण म्हणतात ती बोलताना आपल्या आया-आज्या काय करितात? 'अमुक झाले तर देवीस अमुक वाहीन' असे नेमके सांगतात. आंगवणीत वस्तू ठरलेली असते, म्हणून ती फेडता येते.

करार कायद्यात २५ व्या कलमाच्या पुढे थोड्याच अंतरावर २९ वे कलम आहे. ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार रद्द समजावा असे ते सांगते. ऋण मानणे ही प्रेरणा झाली. ते किती, कोणत्या नाण्यात आणि कोणत्या दिवशी फेडावयाचे हे ठरविले तरच त्याचे ध्येय बनते. गीतार्णव पहिल्या कसोटीस उतरतो, दुसरीस मात्र नाही. संख्या आहे, पण ती कामातून निघालेली नसल्याने कामास बांधून ठेवू शकत नाही.

दासोपंतांनीच ही दुसरी कसोटीही एके ठिकाणी उतरून दाखविली आहे, आणि आमच्या मते त्यांचे वाङ्मयीन यश तेथे आहे. ते म्हणजे आंबेजोगाईची पासोडी. पासोडी म्हणजे थंडीत अंगावर घ्यावयाचे जाड दुहेरी वस्त्र. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर त्यांनी पंचीकरण लिहिले आहे. पंचमहाभूतांचे परस्परांत मिश्रण होऊन हा देह आणि हे जग कसे घडले, हा तो विषय. वेदान्तात इतका रुक्ष विषय दुसरा सापडणे कठीण. परंतु कापड संपणार हे लिहिणाऱ्यास ठाऊक होते. त्यामुळे कोष्टके आली, आकृत्या आल्या, ओव्या त्यांच्या बाजूस नेमक्या जागी बसल्या. डोळ्यांनी पाहून समजावे, बोट ठेवून शिकवावे, अशी ती रचना झाली. गीतार्णवात जो विस्तार आहे तोच येथे व्यवस्था झाला आहे. हेतू तोच, ऋण तेच, हातही तोच. फक्त येथे वस्त्रास काठ होता. शिकणाऱ्यापुढे वस्त्र उलगडावयाचे असल्याने येथे लेखणी वाचकाकडेही पाहत होती. काठ आणि वाचक या दोहोंनी मिळून कवीस आवरले.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा विचार पुरा होत नाही. आख्यायिका अशी आहे की, दासोपंत घर सोडून गेल्यावर बारा वर्षे त्यांचा ठावठिकाणा लागला नाही. घरच्यांनी ते गेले असे धरून त्यांच्या पत्नीचे सौभाग्यलेणे उतरविण्याची तयारी चालविली, आणि नेमक्या त्या वेळी नदीतीरी त्यांची गाठ पडली. कीर्तनात या प्रसंगी टाळ्या पडतात. आम्हांस मात्र त्या बारा वर्षांचा विचार पडतो. दत्ताचे ऋण फेडावयास निघालेल्या पुरुषाने एका मुलीचे ऋण डोक्यावर करून ठेवले, आणि त्या ऋणाच्या सव्वा लाख ओव्या कोणी लिहिल्या नाहीत. एका धनकोची फेड करिताना दुसऱ्या धनकोस विसरणे न्यायात बसत नाही. पुढे आंबेजोगाईस त्यांनी संसार केला, आजही तेथे त्यांच्या परंपरेची थोरले आणि धाकटे अशी दोन देवघरे आहेत, एवढ्यावरून ते ऋणही त्यांनी ओळखले असे मानावयास आम्ही तयार आहो. परंतु ध्येयाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न मोठ्या माणसाच्या बाबतीतही विचारला पाहिजे. किंबहुना त्यांच्याच बाबतीत अधिक.

आमच्या नौबादला जमिनीखाली बहामनी काळातील एक करेझ आहे. लोक तिला सुरंग बावी म्हणतात. पंधराव्या शतकात खोदलेला तो जलमार्ग. अलीकडच्या वर्षांत त्यातील गाळ काढला तेव्हा पुष्कळांस तो प्रथमच दिसला. जमिनीतल्या झऱ्याचे पाणी बोगद्यातून केवळ उतारावर वाहत जाते आणि ठरावीक अंतरांवर वरून उभ्या विहिरी खोदलेल्या आहेत. पाणी झऱ्याने दिले हे खरे. परंतु कोणी तरी वर उन्हात उभे राहून, अंतर मोजून, येथे खणा आणि येथे थांबा असे सांगितले म्हणून ते माणसाच्या उपयोगी पडले. कृतज्ञता हा झरा आहे. तो ज्यांच्याजवळ आहे त्यांस प्रेरणेची व्याख्याने ऐकण्याची गरज नाही. त्यांनी अंतर तेवढे मोजावे.

त्या दिवशी सभामंडपात आम्ही दासोपंतांची गोष्ट सांगितली आणि चिठ्ठ्या परत दिल्या. नाव मिळावे म्हणून ज्यांनी ध्येय लिहिले होते त्यांस आम्ही एवढेच विचारले की, तुम्हांस आजवर न मागता कोणी काय दिले, त्याची यादी करून पाहिली आहे काय? पुष्कळ मुले गप्प झाली. काही आपल्या आईकडे पाहू लागली. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या मुलास मात्र दुसरा प्रश्न विचारला. 'बाळ, गुरुजींनी तुझी फी किती वर्षे भरली?' तो म्हणाला, 'तीन वर्षे.' 'मग तू किती मुलांची, किती वर्षे भरणार?' त्याने बराच वेळ विचार केला, आमच्याजवळून पेन मागून घेतले, चिठ्ठीवर एक आकडा लिहिला आणि ती घडी करून खिशात ठेवली. आम्ही तो आकडा विचारला नाही. संकल्पाचे पाणी ताम्हनात सोडताना यजमान मनात काय म्हणतो, हे पुरोहितही विचारीत नाही.